खोल समुद्राच्या गाळातला चुना कसा वाचायचा: सोलापुरात बसून सुरुवात करणाऱ्यांसाठी

सांगोल्याकडचा डाळिंबवाला माती परीक्षणाचा अहवाल हातात आला की आधी एक ओळ शोधतो: मुक्त चुना किती टक्के. चुना जास्त निघाला की झाडाला लोह नीट उचलता येत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तो आकडा काढायची रीत सोपी आहे. मातीत मोजून आम्ल टाकायचं आणि चुन्यानं त्यातलं किती खाल्लं ते बघायचं. चार किलोमीटर खोल समुद्राच्या तळावरून वर काढलेल्या गाळालाही हीच रीत लावतात. तिथल्या चुन्याच्या टक्क्यांवरून, कवचांच्या तुकड्यांवरून आणि त्यांच्यात अडकलेल्या बोरॉनवरून हजारो, लाखो वर्षांपूर्वी समुद्राचं पाणी किती आम्लधर्मी होतं याचा हिशोब मांडता येतो.

भूशास्त्र किंवा रसायनशास्त्रात बी.एस्सी., एम.एस्सी. करणाऱ्या आणि छोट्या प्रकल्पासाठी विषय शोधणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितो आहे. "सर, समुद्राचं काम गोव्यातल्या पोरांनी करायचं, आपण सोलापूरचे," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आधी त्यालाच उत्तर देतो. किनारा आपल्यापासून सरळ रेषेत तीनशे किलोमीटरच्या आत-बाहेर आहे. पण समुद्रातल्या चुन्याची गोष्ट आपल्या पायाखालूनच सुरू होते. आपला काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. पाऊस हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्यावर पडतो, खडक झिजतो आणि त्यातलं कॅल्शियम बायकार्बोनेटसोबत पाण्यात उतरतं. त्यातलं काही रानातच चुनखडीच्या खड्यांच्या रूपानं थांबतं. बाकीचं भीमेतून कृष्णेत आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागरात जातं. तिथले सूक्ष्म जीव त्याची कवचं बांधतात. नांगराला लागणारा चुनखडीचा खडा आणि समुद्रतळावरचं कवच, दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच.

आधी थोडं रसायन

हे पक्कं नसेल तर पुढचं सगळं आकड्यांचा खेळ होऊन बसेल, म्हणून इथे घाई करू नका.

समुद्राच्या वरच्या थरात फोरॅमिनिफेरा नावाचे एकपेशीय प्राणी आणि कॉकोलिथोफोर नावाची सूक्ष्म शैवालं कॅल्साइटची कवचं बनवतात. टेरोपॉड नावाच्या चिमुकल्या गोगलगायींचं कवच अ‍ॅरागोनाइटचं असतं. घटक तोच, पण स्फटिकरचना वेगळी, आणि ते लवकर विरघळतं. वरचं पाणी कार्बोनेटनं अतिसंपृक्त असल्यामुळे तिथे कवचाला धोका नसतो. जीव मेला की कवच खाली पडायला लागतं, आणि खाली दोन गोष्टी त्याच्या विरोधात असतात. एक म्हणजे दाब: दाब वाढतो तशी कॅल्साइटची विद्राव्यता वाढते. दुसरी म्हणजे खोल पाण्यात साठलेला कार्बन डायऑक्साइड. वरून पडणारा सेंद्रिय माल कुजतो, त्यातून हा वायू बाहेर पडतो आणि पाणी व कार्बोनेट आयन यांच्याशी मिळून त्याचं बायकार्बोनेट होतं. म्हणजे खोल पाणी जितकं जुनं, पृष्ठभाग सोडून त्याला जितका जास्त काळ झालेला, तितका त्यात कार्बोनेट आयन कमी.

त्यामुळे एका ठरावीक खोलीनंतर विरघळण्याचा वेग एकदम वाढतो. त्या खोलीला लायसोक्लाइन म्हणतात. त्याखाली आणखी एक पातळी असते. तिथे वरून जितका चुना पडतो तितका सगळा विरघळून जातो. ती कार्बोनेट कॉम्पेन्सेशन डेप्थ, थोडक्यात सीसीडी. अटलांटिकमध्ये ती पाच किलोमीटरच्या आसपास आहे, पॅसिफिकमध्ये बऱ्याच भागांत सव्वाचार-साडेचार किलोमीटरवर. तिच्यावरचा गाळ पांढरट, खालचा लालसर-तपकिरी चिकणमातीचा. १८७२ ते १८७६ या काळात चॅलेंजर जहाजानं जगभरच्या तळावरून गाळ वर काढला तेव्हाच जॉन मरे यांच्या लक्षात आलं होतं की फार खोल जागी चुना सापडत नाही. पुढे १९६६ साली पीटरसन यांनी कॅल्साइटचे गुळगुळीत गोळे दोराला बांधून मध्य पॅसिफिकमध्ये वेगवेगळ्या खोलीवर काही महिने लटकवले आणि वर काढून पुन्हा तोलले. सुमारे ३,७०० मीटरच्या खाली वजनातली घट झपाट्यानं वाढली होती. इतका साधा आणि इतका बोलका प्रयोग मला दुसरा आठवत नाही.

उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरलं की काठच्या खडकावर पांढरी रेघ दिसते, आणि पाणी कुठवर चढलं होतं ते सांगायला माणूस लागत नाही. समुद्रतळावरची चुन्याची रेघही अशीच वर-खाली झालेली आहे. ती कधी कुठे होती हे शोधणं हेच आपलं काम.

टक्केवारी म्हणजे वजन नव्हे

या लेखातून एकच गोष्ट लक्षात राहणार असेल तर ही राहू द्या. समजा शंभर ग्रॅम गाळात ९० टक्के चुना आहे आणि १० टक्के माती. आता काही चुना विरघळला आणि टक्केवारी ८० झाली. किती चुना गेला? वर्गात विचारलं की बहुतेक जण म्हणतात, दहा टक्के. हिशोब करा. मातीचे १० ग्रॅम तसेच राहिले आणि आता ते एकूण गाळाच्या २० टक्के आहेत. म्हणजे एकूण गाळ ५० ग्रॅम, त्यात चुना ४० ग्रॅम. आधी ९० होता. पन्नास ग्रॅम गेला, म्हणजे अर्ध्याहून जास्त. ९५ चे ९० व्हायलाही असाच अर्ध्याहून जास्त चुना जावा लागतो.

उलटही होतं. चुना तेवढाच पडतोय, पण नदीतून माती जास्त आली, तरी टक्का उतरतो. अरबी समुद्रात हे फार बघायला मिळतं. म्हणून नुसत्या टक्केवारीच्या आलेखावरून "त्या काळी समुद्र आम्लधर्मी झाला" असं लिहिलेला प्रकल्प माझ्याकडे आला की मी तो परत देतो. जे उरलं आहे त्यावरून जे गेलं ते मोजायचं आहे, आणि त्यासाठी एकाहून जास्त साक्षीदार लागतात.

पायरी १: प्रश्न आणि जागा

"मागच्या २५ हजार वर्षांत चार किलोमीटरवरच्या पाण्यातला कार्बोनेट आयन वाढला की घटला?" असा एका ओळीचा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहा. मग जागा निवडा. सर्वांत चांगली रचना म्हणजे समुद्राखालच्या एकाच पर्वतरांगेच्या उतारावरचे तीन-चार कोअर, म्हणजे तळात नळी घालून काढलेले गाळाचे उभे दंडगोल. समजा २,५००, ३,२००, ३,८०० आणि ४,४०० मीटरवरचे. वरून पडणारा चुना चारही ठिकाणी जवळपास सारखाच, फरक फक्त खोलीचा. मग खालच्या कोअरमध्ये जे कमी दिसेल ते विरघळण्यामुळे, असं म्हणायला आधार मिळतो.

अरबी समुद्रात काम करायचं तर सिंधूच्या गाळपंख्यातले, म्हणजे नदीनं समुद्रतळावर पंख्यासारख्या पसरवलेल्या गाळातले, कोअर टाळा. तिथे पाण्याखालच्या गाळलोटांनी थर उलटसुलट केलेले असतात. ओवेन रिज किंवा चागोस-लक्षद्वीप रांगेसारखी उंचावरची जागा बरी. आणखी एक सावधगिरी इथे लागते. या समुद्रात सेंद्रिय माल भरपूर पडतो. तो गाळाच्या आत कुजतो आणि वरचं पाणी संपृक्त असूनही कवचं आतून विरघळतात. म्हणजे लायसोक्लाइनच्या वरचा कोअरही शंभर टक्के सुरक्षित नसतो.

जागा ठरली की आजचं पाणी तपासा. त्यासाठी ब्रोएकर आणि ताकाहाशी यांचं १९७८ चं एक सोपं सूत्र हाताशी ठेवा. कॅल्साइट टिकायला लागणारा किमान कार्बोनेट आयन, दर किलोला मायक्रोमोलमध्ये = ९० गुणिले ई चा (०.१६ × (खोली − ४)) वा घात, आणि खोली किलोमीटरमध्ये. तीन किलोमीटरवर उत्तर येतं सुमारे ७७, चारवर ९०, पाचवर १०६. समजा तिथल्या खोल पाण्यात कार्बोनेट आयन ९५ आहे. तर चार किलोमीटरवर ५ शिल्लक आहेत, पाचवर ११ कमी पडतात, आणि दोन्ही सारखे होतात ते सुमारे ४.३ किलोमीटरवर. आजच्या पाण्याचे आकडे ग्लोडॅप या खुल्या संचातून मोफत उतरवता येतात. संगणकावर एक्सेल असलं की एवढं काम सोलापुरातच उरकतं.

पायरी २: नमुना कुठून आणायचा

पहिला प्रकल्प असेल तर नमुनाच मागू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. पॅन्जिया या माहितीसंग्रहात आणि नोआ या अमेरिकी संस्थेच्या पुराहवामान संग्रहात शेकडो कोअरचे मोजलेले आकडे खुले आहेत. त्यातला हिंदी महासागराचा एक संच घ्या, टक्केवारी, वय आणि समस्थानिकांचे (एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंचे) आकडे स्वतः आलेखात मांडा. सहा महिन्यांचं काम होतं आणि चुका स्वस्तात होतात.

प्रत्यक्ष गाळ हवा असेल तर दोन वाटा. एक म्हणजे गोव्यातल्या दोन संस्था: दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि वास्कोचं राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र. तिथल्या संशोधकाला मार्गदर्शकांमार्फत पत्र लिहा आणि ज्या कोअरचं वय आधीच ठरलेलं आहे त्यातलेच नमुने मागा. दुसरी वाट आंतरराष्ट्रीय सागरतळ खोदकामाच्या कोअरची. हिंदी महासागरातले हे कोअर जपानमधल्या कोची कोअर सेंटरला ठेवलेले आहेत. कोणत्या कोअरमधले, किती सेंटिमीटर अंतरावरचे, प्रत्येकी किती घनसेंटिमीटर आणि कशासाठी, हे अर्जात नेमकं लिहावं लागतं. मोघम अर्ज परत येतो.

पायरी ३: वय

सुमारे ५० हजार वर्षांपर्यंत रेडिओकार्बन चालतो. त्यासाठी एकाच जातीची स्वच्छ फोरॅमं, म्हणजे फोरॅमिनिफेराची कवचं, निवडायची आणि समुद्राच्या पाण्याचं स्वतःचं "जुनेपण", साधारण ४०० वर्षं, वजा करायचं. हा आकडा जागेनुसार बदलतो. त्यापलीकडे ऑक्सिजन समस्थानिकांचा आलेख जागतिक प्रमाण आलेखाशी जुळवतात. त्यासाठी लिसिएकी आणि रेमो यांनी २००५ साली ५७ कोअर एकत्र करून तयार केलेला आलेख सगळे वापरतात.

इथे एक मर्यादा मान्य करून पुढे जायचं. तळावरचे किडे वरचा आठ-दहा सेंटिमीटर गाळ सतत ढवळत असतात. हजार वर्षांत दोन सेंटिमीटर गाळ साचत असेल तर आठ सेंटिमीटर म्हणजे चार हजार वर्षं एकमेकांत मिसळलेली. अशा कोअरमध्ये दोनशे वर्षांची घटना शोधू नका.

पायरी ४: चुन्याचा टक्का

ही पायरी आपल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत होऊ शकते.

आधी मीठ काढा. ओल्या गाळात ६० टक्के पाणी असेल तर एका ग्रॅममागे ०.६ ग्रॅम समुद्राचं पाणी, त्यात सुमारे ०.०२१ ग्रॅम मीठ. सुकवल्यावर उरतो ०.४ ग्रॅम गाळ आणि हे मीठ, म्हणजे तोललेल्या वजनातला पाच टक्के भाग मीठच. दोन-तीनदा धुऊन, सेंट्रिफ्यूज करून, मग सुकवून तोला.

आता अनुमापन. अर्धा ग्रॅम बारीक केलेला गाळ शंकुपात्रात घ्या. त्यात ०.५ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल २० मिलिलिटर पिपेटनं हळूहळू सोडा, नाहीतर फेसाबरोबर नमुना उडतो. फेस थांबला की थोडं गरम करून थंड होऊ द्या. उरलेलं आम्ल ०.५ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडनं मोजा. समजा ६ मिलिलिटर लागले. टाकलेलं आम्ल १० मिलिसममूल्य, उरलेलं ३, म्हणजे चुन्यानं खाल्लं ७. प्रत्येकाला ५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, म्हणून ३५० मिलिग्रॅम. नमुना ५०० चा, टक्का ७०. मोठ्या संस्थेत कूलोमीटरनं असेंद्रिय कार्बन मोजतात. तो आकडा ८.३३ नं गुणला की हाच टक्का मिळतो.

समुद्राचा मोलाचा गाळ हाती घ्यायच्या आधी हात बसवायला आपल्या रानातली चुनखडी वापरा. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातले खडे गोळा करा, खलात कुटा आणि एकाच खड्याचे पाच भाग पाच वेळा मोजा. पाचही आकडे एक टक्क्याच्या आत येईपर्यंत पुढे जाऊ नका. सोबत शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट मोजा. ते ९९ च्या पुढे आलं नाही तर दोष आम्लाच्या तीव्रतेत आहे.

आपल्याकडे चुना हवेतही असतो हे विसरू नका. एप्रिल-मेमध्ये खिडकीतून येणारी धूळ चुनखडीच्या रानातली असते. जुन्या इमारतीच्या भिंतीला चुन्याची पुताई असते. न उडणारा म्हणून विकला जाणारा खडूही बहुधा कॅल्शियम कार्बोनेटचाच असतो. तंबाखूला चुना मळलेल्या हातांनी नमुना हाताळला तर अनुमापन चुकतं. झाकण, हातमोजे आणि फळ्यापासून दूरचं टेबल, एवढी शिस्त पाळा.

पायरी ५: धुणं आणि निवडणं

माझ्या सुरुवातीच्या दिवसांत मी बारा नमुने चाळणीवर धुतले ते बोअरच्या पाण्यानं. डिस्टिल्ड पाणी त्या दिवशी संपलं होतं. ओव्हनमधून बश्या काढल्या तेव्हा कवचांवर पिठासारखी पांढरी पुटं होती. घरच्या हीटरच्या कांडीवर जमतो तोच थर. सोलापूरच्या बोअरचं पाणी जड, आणि मी समुद्राच्या कॅल्साइटवर आपलं कॅल्साइट चढवून ठेवलं होतं. बाराही नमुने समस्थानिकांसाठी निकामी झाले.

दुसऱ्या वेळी मी उलट चूक केली. डिस्टिल्ड पाण्यात नमुने रात्रभर भिजत ठेवले. उघड्यावर ठेवलेलं शुद्ध पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं आणि त्याचा पीएच ५.६ च्या आसपास उतरतो. म्हणजे जे समुद्रतळावर घडतं तेच मी बशीत घडवत होतो. सकाळी पातळ कवचांच्या कडा झिजलेल्या दिसल्या. तेव्हा पाणी शुद्धच वापरा, धुणं लवकर उरका आणि नमुना पाण्यात ताटकळत ठेवू नका.

रीत अशी. सुका गाळ तोला, पाण्यात हलक्या हातानं सुटा करा, ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर बारीक धारेखाली धुवा. ब्रश घासू नका, कवचं तुटतात आणि पुढच्या पायरीत तेच तुकडे तुम्ही मोजणार आहात. चाळणीवर उरलेलं ५० अंशांच्या आत सुकवा आणि तोला. मग १५० मायक्रॉनच्या चाळणीतून कोरडंच चाळा. एक नमुना झाल्यावर चाळणी मिथिलीन ब्लूच्या द्रावणात बुडवा. जाळीत अडकलेली जुनी कवचं निळी होतात आणि पुढच्या नमुन्यात घुसली तरी ओळखू येतात.

मग सूक्ष्मदर्शक. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, बशीत बारीक रवा सांडलाय. वीसपट मोठं केलं की त्या रव्याला आकार येतात. ऑर्ब्युलिना साबुदाण्यासारखी गोल. ग्लोबोरोटालिया मेनार्डी चपटी, चकतीसारखी, कडेला जाड किनार. ग्लोबिजेरिनॉइड्स रुबर म्हणजे तीन फुगीर गोळ्यांचा गुच्छ, पाठीवर कमानीसारखी छिद्रं. सर्वांत बारीक नंबरचा चित्रकलेचा ब्रश घ्या, टोक किंचित ओलं करा, कवचाला नुसतं टेकवा, ते चिकटून येतं. पंखा बंद ठेवा. मे महिन्यात हे सांगणं कठोर आहे, पण एका झुळकीत दोन तासांचं काम उडतं. मी सकाळी सातला बसतो.

पायरी ६: विरघळल्याच्या खुणा

आता टक्केवारीला साक्षीदार जोडायचे. माझ्या मते सोलापुरातल्या विद्यार्थ्यानं सर्वांत जास्त वेळ याच पायरीला द्यावा, कारण सूक्ष्मदर्शक आणि तराजू यांपलीकडे फारसं काही लागत नाही.

पहिला साक्षीदार तुकड्यांचा. विरघळू लागलेलं कवच आधी ठिसूळ होतं, मग फुटतं. १५० मायक्रॉनच्या वरचा माल सारख्या भागांत विभागत जा, साधारण तीनशे-चारशे कण उरेपर्यंत. मग अख्खी कवचं आणि तुकडे वेगवेगळे मोजा. एका कवचाचे अनेक तुकडे होतात, म्हणून तुकड्यांना ८ नं भागायची पद्धत आहे. समजा २०० अख्खी आणि १६० तुकडे. १६० भागिले ८ म्हणजे २० फुटलेली कवचं. २० भागिले २२०, म्हणजे ९ टक्के. नुसते तुकडे मोजले असते तर ४४ टक्के आले असते आणि निष्कर्ष भलताच निघाला असता.

दुसरा साक्षीदार जातींचा. रुबर पातळ, लवकर जाते. मेनार्डी आणि पुलेनिएटिना चिवट, शेवटपर्यंत टिकतात. खालच्या थरात चिवट जातीच उरल्या असतील तर बाकीच्या गेल्या, असं समजायला जागा आहे. मात्र वरच्या पाण्याचं तापमान बदललं तरी जाती बदलतात, म्हणून हा साक्षीदार एकटा पुरेसा नाही.

तिसरा वजनाचा. एकाच जातीची, एकाच मापाची, समजा ३०० ते ३५५ मायक्रॉनमधली, तीस-चाळीस कवचं मोजून मायक्रोबॅलन्सवर तोला आणि सरासरी काढा. माप तेच असून वजन उतरलं तर भिंत पातळ झाली आहे. जीव जगत असताना पाण्यात कार्बोनेट कमी असेल तरी भिंत पातळ बनते, म्हणून इथेही दुसऱ्या दोघांची साथ हवी. टक्का उतरला, तुकडे वाढले, वजनही उतरलं, तर विरघळणं खरं. टक्का उतरला पण तुकडे आणि वजन जागच्या जागी, तर माती वाढली.

पायरी ७: समस्थानिकं आणि बोरॉन

यंत्रं मोठी आहेत, नमुने बाहेर पाठवावे लागतात. तरी काय मागायचं ते माहीत हवं.

कवच फॉस्फोरिक आम्लात विरघळवून निघालेला वायू वस्तुमान वर्णपटमापीत मोजतात. १९४७ मध्ये युरी यांनी ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून जुनं तापमान काढता येईल असं दाखवलं, १९५५ मध्ये एमिलियानी यांनी ते खोल समुद्राच्या कोअरवर करून दाखवलं, आणि १९६७ मध्ये शॅकल्टन यांनी लक्षात आणून दिलं की त्या चढउताराचा मोठा भाग तापमानाचा नसून जमिनीवर साठलेल्या बर्फाचा आहे. मागच्या हिमयुगाच्या ऐन भरात सगळ्या समुद्राचा जड ऑक्सिजनचा आकडा सुमारे दर हजारी १ नं चढला होता. पाणी एक अंश थंड झालं की कवचातला आकडा साधारण दर हजारी ०.२२ नं चढतो. तुमच्या कोअरमध्ये फरक १.७ आला तर १ बर्फाचा, उरलेल्या ०.७ मधून सुमारे ३ अंश निघतात, क्षारता बदलली नसेल तर.

कार्बनच्या समस्थानिकांसाठी तळावर राहणारी सिबिसिडॉइड्स वुलरस्टॉर्फी निवडा. ती गाळाच्या वर राहते, म्हणून तळाच्या पाण्याचा जड कार्बनचा आकडा जवळपास जसाच्या तसा घेते. गाळात शिरून राहणारी युव्हिजेरिना यासाठी नको. पाणी जितकं जुनं आणि कुजलेल्या मालानं भरलेलं, तितका आकडा खाली.

याच वुलरस्टॉर्फीतलं बोरॉन आणि कॅल्शियमचं गुणोत्तर थेट कार्बोनेट आयनाशी बांधलेलं आहे. यू आणि एल्डरफील्ड यांनी २००७ साली दाखवलं की संपृक्ततेच्या वर कार्बोनेट आयन दर किलोला १ मायक्रोमोल वाढला की गुणोत्तर (एका मोल कॅल्शियममागे बोरॉनचे मायक्रोमोल) सुमारे १.१४ नं वाढतं. गुणोत्तर १९० वरून २०० झालं, तर कार्बोनेट आयन सुमारे ९ नं वाढला. पायरी १ मधल्या सूत्राशी हा आकडा जोडला की संपृक्ततेची रेघ किती खाली सरकली ते निघतं. बोरॉनच्या समस्थानिकांवरून पीएच काढतात, कारण पाण्यातल्या बोरॉनपैकी बोरेट किती हे पीएचवर ठरतं आणि कवचात प्रामुख्यानं बोरेटच शिरतं. यासाठी नमुना काचेच्या बीकरमध्ये ठेवू नका. प्रयोगशाळेची काच बोरोसिलिकेट असते आणि बोरॉन तिच्यातूनच येतं. प्लास्टिक किंवा टेफ्लॉन वापरा.

मॅग्नेशियम-कॅल्शियमवरून तापमान काढतात, एका अंशाला सुमारे ९ टक्के वाढ. पण कवचाचा मॅग्नेशियमवाला भाग आधी विरघळतो, त्यामुळे झिजलेलं कवच समुद्र होता त्याहून थंड दाखवतं. पायरी ६ चे आकडे इथे पुन्हा उघडावे लागतात.

पायरी ८: अर्थ लावताना

टक्केवारीचं रूपांतर साचण्याच्या वेगात करा. गाळ साचण्याचा वेग गुणिले कोरडी घनता गुणिले चुन्याचा अंश. हजार वर्षांत २ सेंटिमीटर, घनता ०.८, चुना ७० टक्के, तर दर चौरस सेंटिमीटरला हजार वर्षांत १.१२ ग्रॅम. मातीचाही असाच वेग काढा आणि दोन्ही रेषा एकाखाली एक मांडा. कोणती हलली ते डोळ्यांना दिसतं.

मग बाहेरच्या जगाशी ताडून बघा. १९४७-४८ च्या स्वीडिश अल्बट्रॉस मोहिमेच्या कोअरवरून अर्‍हेनियस यांनी १९५२ मध्ये पूर्व पॅसिफिकमधली चुन्याची आवर्तनं मांडली. पुढच्या कामातून चित्र असं झालं की पॅसिफिकमध्ये हिमयुगात चुना चांगला टिकलेला दिसतो आणि उबदार काळात कमी, तर खोल अटलांटिकमध्ये उलट. हिंदी महासागराच्या बऱ्याच भागांत पॅसिफिकसारखा कल दिसतो. तुमचा कोअर वेगळं सांगत असेल तर आधी वय आणि मातीचा वेग पुन्हा तपासा, मगच नवा शोध म्हणा. टोकाचं उदाहरण हवं असेल तर ५.६ कोटी वर्षांपूर्वीचं घ्या. तेव्हा हवेत आणि समुद्रात प्रचंड कार्बन आला, आणि दक्षिण अटलांटिकमधल्या वॉल्विस रिजच्या कोअरमध्ये पांढऱ्या गाळाच्या मधोमध लाल मातीचा पट्टा उमटला. तिथे सीसीडी दोन किलोमीटरहून जास्त वर चढली होती. पट्ट्यानंतर चुना हळूहळू परततो, कारण उबदार, पावसाळी जगात जमिनीवरचा खडक जास्त झिजतो आणि नद्या कॅल्शियम आणि बायकार्बोनेट समुद्रात परत भरतात. भीमा आज करते तेच काम.

काम संपल्यावर प्रत्येक नमुन्याचा निदान एक तृतीयांश भाग न धुता, कोरडा, घट्ट झाकणाच्या प्लास्टिक बाटलीत ठेवा. कोअरचं नाव, सेंटिमीटर आणि तारीख आतल्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहा, बाहेरच्या पेनाच्या अक्षरावर विसंबू नका. धुतलेली, निवडलेली, उरलेली कवचं वेगळ्या स्लाइडमध्ये ठेवा आणि वहीत कोणत्या पाण्यानं धुतलं तेही लिहा. पाच वर्षांनी कोणीतरी त्यातलं बोरॉन मोजायला मागेल तेव्हा पहिला प्रश्न तोच असतो.